पिल्लांच्या हिशेबाचा ताळा

मादी पिल्लांना जपते आणि नर पुढच्या मादीच्या शोधात निघतो, हा निसर्गाचाच नियम आहे, हे वाक्य हल्ली मराठीत दोन ठिकाणी हमखास भेटते: रविवारच्या पुरवणीतल्या हलक्याफुलक्या लेखात, आणि नात्यातल्या कोणा पुरुषाने संसारातून अंग काढून घेतले की त्यावर होणाऱ्या घरगुती चर्चेत. बोलणाऱ्याला बहुधा जीवशास्त्रात रस नसतो. जे घडले त्यावर शास्त्राचा शिक्का मारून मिळाला तर त्याला हवा असतो. समोरचा पक्ष मग चिडून म्हणतो की माणसाच्या बाबतीत उत्क्रांती मध्ये आणूच नका. मला दोन्ही भूमिका पटत नाहीत. उत्क्रांतीचा विचार जरूर आणावा, पण तो पुरता आणावा. नियम म्हणून जे सांगितले जाते ते या शास्त्रातील १९७२ च्या सुमाराचे पान आहे, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत याच क्षेत्रातल्या लोकांनी त्या पानावर बरीच खाडाखोड केली आहे. ती खाडाखोड मूळ मजकुराहून अधिक वाचनीय आहे असे माझे मत असल्यामुळे हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

मूळ मजकूर आधी थोडक्यात सांगतो. लैंगिक पुनरुत्पादन करणाऱ्या बहुतेक प्राण्यांत एका लिंगाची बीजपेशी मोठी, अन्नसाठा बाळगणारी आणि मोजकी असते, तर दुसऱ्याची लहान, चपळ आणि अगणित असते; मादी कोण आणि नर कोण याची जीवशास्त्रीय व्याख्याच या फरकावर उभी आहे. १९४८ मध्ये लंडनजवळच्या जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेतील अँगस जॉन बेटमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने फळमाश्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाटलीत सोडलेल्या प्रत्येक माशीत नजरेला दिसेल असे एकेक वेगळे जनुकीय व्यंग होते, जेणेकरून पिल्लावर ते व्यंग उमटले की त्याची आई आणि बाप ओळखता यावेत. त्याला असे आढळले की २१ टक्के नरांना एकही अपत्य झाले नाही, तर माद्यांत हे प्रमाण अवघे ४ टक्के होते. आणि जोडीदारांची संख्या वाढली की नराची अपत्ये वाढत गेली, मादीला मात्र जास्त नरांपासून तसा फारसा लाभ झाला नाही. हा लेख पुढे वीस-बावीस वर्षे जवळजवळ कोणी उघडला नाही. हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये तो आपल्या सिद्धान्ताच्या पायात घातला. पालकीय गुंतवणूक म्हणजे एखाद्या अपत्याच्या जगण्याची शक्यता वाढवणारी, पण त्याच वेळी इतर अपत्यांसाठी काही करण्याची पालकाची क्षमता घटवणारी कोणतीही गोष्ट, अशी व्याख्या त्यांनी केली. ज्या लिंगाची गुंतवणूक जास्त ते जोडीदाराच्या बाबतीत चोखंदळ राहील, आणि ज्याची कमी ते पहिल्यासाठी आपापसांत झुंजेल, असे त्यांचे अनुमान होते. व्याख्येचे सौंदर्य असे की तिच्यात आई, बाप, दूध, अंडे यांपैकी एकही शब्द नाही. आहे तो फक्त एका पिल्लापायी दुसऱ्याचे होणारे नुकसान मोजण्याचा आग्रह.

अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या आपल्या घराच्या खिडकीबाहेर बसणारी कबुतरे पाहताना हा विचार आकार घेत गेला, असे ट्रिव्हर्स यांनीच पुढे लिहिले आहे. मला याची गंमत वाटते, कारण नर कबुतराइतका घरबशा बाप शोधूनही सापडणे कठीण. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या बाहेरच्या डब्यामागे, चार काड्यांच्या नावापुरत्या घरट्यात अशी जोडी वरचेवर बसते. उन्हे वर आली की नर येतो आणि मादीच्या अंगाला अंग लावून उभा राहतो. ती बाजूला सरकली की लगेच अंडी चोचीने पोटाखाली ओढून घेतो आणि दुपार कलेपर्यंत हलत नाही. त्यानंतर रात्रभर आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पाळी मादीची. पिल्ले निघाल्यावर पहिले काही दिवस ती जो दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ खातात तो दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून सुटतो, आणि तो तयार करवणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या आईला दूध आणणारेच. सिद्धान्त जन्माला येताना खिडकीबाहेर असा बाप बसलेला होता हे पुरवण्यांतले लेख सांगत नाहीत.

ट्रिव्हर्स यांच्या युक्तिवादातली एक पायरी निसरडी होती. मादीने अंड्यात आधीच जास्त घातलेले असते, म्हणून पिल्लू सोडल्यास तिचे नुकसान जास्त आणि म्हणून ती थांबते, असे त्यांनी सुचवले होते. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स आणि टॅम्सिन कार्लाइल यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या एका छोट्या टिपणात दाखवून दिले की हा हिशेब मागे तोंड करून केलेला आहे. बोअर मारताना तीनशे फुटांवर पाणी लागले नाही की एवढे पैसे घातलेत, आता आणखी शंभर फूट जाऊच, असे म्हणणारा शेतकरी हीच चूक करतो. पुढच्या शंभर फुटांत पाणी आहे की नाही, याचा खर्चून झालेल्या पैशांशी काही संबंध नसतो. नैसर्गिक निवडीलाही मागे काय घातले याचे सोयरसुतक नाही. येथून पुढे थांबल्यास किती पिल्ले वाचतील आणि निघून गेल्यास किती नवी होतील, एवढेच तिच्या दृष्टीने उरते. पूर्वीचा खर्च मोजायचा तो एवढ्यापुरताच, की त्यामुळे मादीची आजची ताकद किंवा उद्याची संधी बदललेली असते. न्यूझीलंडमधल्या तपकिरी किवी पक्ष्याचे अंडे मादीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत जाते; शरीराच्या मानाने इतके मोठे अंडे क्वचितच कोणा पक्ष्याचे असेल. आधी जास्त घातले म्हणून थांबायचे असते तर ही मादी घरट्यावरून उठलीच नसती. प्रत्यक्षात सुमारे अडीच महिने ते अंडे उबवतो नर.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि ती समजायला चौथीतले गणित पुरते. प्रत्येक पिल्लाला एकच आई आणि एकच बाप असतो. एखाद्या तळ्यावर शंभर नर आणि शंभर माद्या असतील आणि हंगामात दोनशे पिल्ले निघाली असतील, तर माद्यांच्या खात्यावर सरासरी दोन पिल्ले पडतात आणि नरांच्या खात्यावरही सरासरी दोनच पडतात. ती तीन होऊ शकत नाहीत. नर हवी तेवढी पिल्ले जन्माला घालू शकतो हे त्याच्या शरीराच्या क्षमतेविषयी खरे असले तरी सरासरी नराविषयी साफ खोटे आहे, कारण एकाने दहा माद्या गाठल्या की नऊ नर रिकाम्या हाताने राहतात. यातून पुढे जे निघते ते आणखी चमत्कारिक आहे. माद्या पिल्लांत गुंतलेल्या असतील तर कोणत्याही दिवशी मोकळ्या माद्या थोड्या आणि मोकळे नर पुष्कळ, म्हणजेच पिल्ले टाकून निघालेल्या नराला रांगेत बरेच मागे उभे राहावे लागणार. मग त्याने घरी थांबून असलेली पिल्ले वाचवणेच फायद्याचे. मादी अधिक सांभाळते म्हणून नर भटकतो, असे आपण सहज म्हणतो. ताळा करून पाहिला तर मादी जितकी जास्त गुंतेल तितके नराच्या भटकण्याचे मोल उतरायला हवे.

ताळा न केल्याची हीच चूक बेटमनच्या आकड्यांतही निघाली, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते. २००७ मध्ये ब्रायन स्नायडर आणि पॅट्रिशिया गोवाटी यांनी जुनी कोष्टके पुन्हा तपासली, तेव्हा बापांच्या खात्यावर नोंदलेली पिल्ले आयांच्या खात्यावरच्या पिल्लांहून अधिक भरली. असे होणे शक्यच नाही, कारण बाप आहे आणि आई नाही असे पिल्लू नसते. २०१२ मध्ये गोवाटी, योंग-क्यू किम आणि वायट अँडरसन यांनी तसेच व्यंग असलेल्या माश्या घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि कारण हाती आले: आईचे आणि बापाचे अशी दोन्ही व्यंगे ज्यांच्यात एकत्र आली ती पिल्ले मोठी होण्याआधीच मरत होती, आणि बेटमन तर नेमक्या त्याच पिल्लांवरून दोन्ही पालक ओळखू पाहत होता. एवढ्यावरून बेटमनचे म्हणणेच बाद झाले असे समजण्याचे कारण नाही. इतर अनेक प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणात जोडीदारांच्या संख्येबरोबर अपत्ये वाढण्याचा वेग सरासरीने नरांत अधिक असल्याचे पुन्हा दिसले, जरी जातीजातींत फरक मोठा होता. म्हणजे निष्कर्षाला आधार सापडला, पण तो ज्या प्रयोगाच्या नावावर सत्तर वर्षे सांगितला गेला त्या प्रयोगात तो नव्हता.

तर मग जेथे मादीच पिल्ले सांभाळते तेथे ती का सांभाळते? आज जे उत्तर मला सर्वांत पटते त्याचे दोन धागे आहेत, आणि ते डेव्हिड क्वेलर यांच्या १९९७ च्या आणि हॅना कोक्को व मायकेल जेनियन्स यांच्या २००८ च्या लेखांत सापडतात. पहिला धागा बापपणाच्या खात्रीचा. मादीचा एकाहून अधिक नरांशी समागम होत असेल, तर समोरचे पिल्लू तिचे असण्याची खात्री पूर्ण आणि नराची अपुरी. तेवढाच घास भरवून नराला मिळणारा सरासरी लाभ त्यामुळे मादीपेक्षा कमी पडतो. येथे भटकेपणा मादीचाही हिशेबात आला आहे, हे नियम सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीएनए तपासणी पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोहोचली आणि आदर्श जोडपी म्हणून नावाजलेल्या कितीतरी जातींच्या घरट्यांत शेजारच्या नराची पिल्ले निघाली, तेव्हा या धाग्याला वजन आले. दुसरा धागा असा की, ज्या नराला मादी मिळाली तो सरासरी नर नसतो. रांगेतल्या शंभरांपैकी जे दहा निवडले गेले ते कशाने तरी उजवे ठरलेले असतात आणि पुढच्या फेरीतही निवडले जाण्याची त्यांची शक्यता चांगली असते. पिल्ले असतात ती याच दहांना, आणि थांबायचे की निघायचे हा प्रश्नही यांनाच पडतो. उरलेल्या नव्वदांपुढे तो कधी उभाच राहत नाही.

या दुसऱ्या धाग्याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकण किनाऱ्यावर नोंदले गेले आहे. अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या सुमारास सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले आणि ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. शाळेत ज्या घरट्याचे कौतुक आपण मादीच्या नावे पाठ केले ते नर विणतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते; त्यापुढचा भाग तितकासा ठाऊक नसतो. नर घरटे अर्धे, म्हणजे उलट्या शिरस्त्राणाच्या आकाराइतके विणून थांबतो आणि फांदीला लटकून पंख फडफडवत कलकलाट करतो. माद्या येतात, एकेका घरट्यात शिरतात, वीण ओढून पाहतात आणि बहुतेक वेळा निघून जातात. एखादीने पसंत केले तरच तो अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो, आणि तिने अंडी घातली की लगेच पुढचे घरटे विणायला घेतो, तेही दुसऱ्या मादीसाठी. उबवणे सर्वस्वी मादीचे, भरवणेही जवळजवळ सगळे तिचेच. पावसाळ्यानंतर विहिरीवरच्या बाभळीला जी अर्धवट घरटी लोंबताना दिसतात ती नाकारली गेलेली असतात. भटकण्याचे सुख सांगताना माणसे नळी पूर्ण झालेल्या घरट्याकडे बोट दाखवतात, पण त्या झाडावर या नापास घरट्यांची संख्याही काही कमी नसते.

सुगरणीच्या नराला जायला जागा आहे. धनेशाच्या नराला ती नाही. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने दार लिंपून चोच जाईल एवढी फट ठेवते. आत ती पिसे गाळते, त्यामुळे काही काळ तिला उडताही येत नाही, आणि त्या अडीच-तीन महिन्यांत तिचा आणि पिल्लांचा घास पूर्णपणे नराच्या चोचीवर अवलंबून असतो. पुण्यात जुन्या वर्षावृक्षांच्या ढोल्यांत हे पक्षी अजून घरटी करतात. एका उन्हाळ्यात अशा ढोलीसमोर दुर्बीण घेऊन उभे राहिल्यावर जे दिसले ते अजून डोळ्यांपुढे आहे: नर रिकाम्या चोचीने आल्यासारखा खोडाला बिलगला, मान किंचित झटकली, गळ्यातून वडाचे एक तांबडे फळ चोचीच्या टोकाशी आणले, फटीत दिले, पुन्हा मान झटकली, पुन्हा एक, अशी बरीच फळे एकामागून एक निघाली आणि मग तो न थांबता उडून गेला. तो एक दिवस आला नाही तर काय होईल हे उघड आहे. त्याने पाठ फिरवल्यास वाचणारी पिल्ले शून्य, आणि त्या काळात मोकळ्या माद्याही जवळजवळ शून्य, कारण बाकीच्याही लिंपून घेऊन बसलेल्या. हिशेबाचे आकडे असे असल्यावर नराला निष्ठावान म्हणून आरती ओवाळण्याची गरज उरत नाही.

कमळपक्ष्यांत तर पारडे पूर्ण फिरलेले आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या तळ्यांवर, कमळांच्या पानांवर आणि शिंगाड्याच्या वेलांवर लांब बोटांनी चालणारे हे पक्षी पावसाळ्यात वीण करतात. मादी चार अंडी घालते आणि पुढच्या नराकडे जाते; उबवणे आणि पिल्ले फिरवणे नराचे. पाणी चढले तर अंडी दुसऱ्या जागी हलवणेही त्याच्याच अंगावर. तामिळनाडूतल्या वेंबनूर तळ्यावर कांस्यपंखी कमळपक्ष्यांचा अभ्यास झाला, त्यात माद्या नरांहून वजनाने सुमारे दीडपटीहून जास्त निघाल्या आणि एकेका मादीच्या हद्दीत एकापासून चारपर्यंत नर नांदताना आढळले. हे नर मोठ्याने ओरडतात. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की एकाच मादीचे नर तिचे लक्ष आपल्याकडे वळवण्यासाठी या ओरडण्यात एकमेकांशी चढाओढ करतात.

येथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा अंगावरची पिल्ले मारली जातात असे त्यांनी नोंदवले, आणि सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या डोंगरावर तसेच पाहून त्याचे स्पष्टीकरण मांडले: पिल्लू गेले की आई लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराला बाप होण्याची संधी मिळते. नराच्या हिंसेविषयी यावर पुष्कळ लिहिले गेले. १९८९ मध्ये स्टीफन एम्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामातल्या कमळपक्ष्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात हद्दीची मालकीण असलेली मादी काढून टाकल्यावर तिची जागा घेणाऱ्या माद्यांनी आधीच्या मादीची पिल्ले मारली आणि त्या पिल्लांच्या बापांशी प्रणय सुरू केला. धारवाडच्या वानरनराची आणि पनामाच्या कमळपक्षिणीची चाल एकच आहे, कारण दोघेही पिल्ले न सांभाळणाऱ्या बाजूला आहेत. आणखी असे की त्याच पनामातल्या पक्ष्यांत बापाने उबवलेली काही पिल्ले त्याची स्वतःची नसतात असेही एम्लेन यांना पुढे आढळले, म्हणजे बापपणाच्या खात्रीचा धागा एकटा घेऊन येथे भागत नाही.

माशांविषयी थोडक्यात सांगायचे तर, ज्या माशांत पालकांपैकी एकजणच अंडी राखतो त्यांत तो बहुधा नर असतो. अंडी त्याच्या हद्दीत पडतात, ती राखता राखता त्याला दुसऱ्या मादीची अंडीही घेता येतात, आणि थांबणे म्हणजे संधी घालवणे हे समीकरणच तेथे लागू पडत नाही. समुद्रघोड्याचा नर पिल्ले पोटावरच्या पिशवीत वाढवतो, तरीही जोडीदारासाठीची झुंज त्यांच्यात नरच अधिक करतात, असे अमांडा व्हिन्सेंट यांच्या अभ्यासातून दिसले. म्हणजे गर्भारपण कोणाकडे आहे एवढ्यावरूनही उत्तर मिळत नाही. त्याच कुळातल्या काही नळीमाशांत मात्र झुंजतात त्या माद्या.

नर आणि मादी यांपैकी जोडीदारांच्या बाजारात कोण कमी आहे, हा प्रश्न अलीकडे फार महत्त्वाचा ठरला आहे. केंटिश चिखल्या हा लहानसा किनारपक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवरही दिसतो. त्याच्या जोड्या विणीच्या काळात मुद्दाम फोडून तमास सेकेली आणि सहकाऱ्यांनी पाहिले की एकट्या पडलेल्या माद्यांना नवा जोडीदार नरांपेक्षा कितीतरी लवकर मिळतो, कारण तेथे प्रौढ नर माद्यांहून अधिक आहेत. या जातीत पिल्ले टाकून जाते ती बहुधा मादी. निरनिराळ्या किनारपक्ष्यांची तुलना करून २०१३ मध्ये हेच सूत्र मांडले गेले: जेथे प्रौढ नरांची संख्या जास्त, तेथे सांभाळणारा बाप आणि फिरणारी आई अशी उलटापालट अधिक. अंडे मोठे आणि शुक्रजंतू लहान हे तर या सगळ्या जातींत सारखेच आहे.

माणसाकडे येताना मी दोन गोष्टी आधीच मान्य करतो. गर्भ आणि दूध हे सस्तन असण्याचे ओझे आहे आणि ते आईवरच पडते. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस सांगते, आणि ते कोणत्याही समतेच्या ठरावाने वाटून घेता येत नाही. दुसरे असे की, सस्तन प्राण्यांत बापाने काहीही करणे हेच अपवादात्मक आहे. या पार्श्वभूमीवर माणसाचा बाप पाहिला तर तो विलक्षण दिसतो, आणि विलक्षण आहे तो मुख्यतः त्याच्यातल्या फरकांमुळे. चिंपांझीची मादी दर पाच-सहा वर्षांनी पिल्लाला जन्म देते आणि ते एकटीने वाढवते. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी समूहांत हे अंतर तीन-चार वर्षांचे असते, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन परावलंबी मुले आईच्या गळ्यात असतात. हे एकटीचे काम नव्हे, कोणीतरी हात लावलेला असणार, हा हर्डी यांचा युक्तिवाद मला बळकट वाटतो. तो हात कोणाचा, यावर मात्र बापाचे नाव पहिले येत नाही. रेबेका सिअर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये गर्भनिरोधन आणि आधुनिक वैद्यक पोहोचण्यापूर्वीच्या समाजांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बाप असण्या-नसण्याचा मुलाच्या जगण्यावर परिणाम सुमारे एक तृतीयांश अभ्यासांतच दिसला; आईच्या आईचा दिसला तो त्याहून कितीतरी अधिक अभ्यासांत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. मुलीचे मूल आपले आहे ही खात्री आईच्या आईइतकी दुसऱ्या कोणा आजी-आजोबांना नसते, असे त्याचे उत्क्रांतीच्या भाषेतले एक स्पष्टीकरण आहे. सून सासरी राहते की जावई मुलीकडे राहतो यासारख्या रिवाजांनी ते बरेच वरखाली होते, म्हणून मी ते अर्धेच खरे मानतो.

बापांमधला फरक किती असू शकतो हे पाहायचे तर बॅरी ह्युलेट यांनी मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांविषयी जे नोंदवले ते पाहावे. तेथे बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्याच्या हाताच्या अंतरात असतो. आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा आहे आणि केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची. दुधाचा वाटा वजा केल्यावरही उरणाऱ्या अंतराला निसर्गाचा नियम म्हणणारा माणूस आकांच्या वस्तीवर काय म्हणेल, याची मला उत्सुकता आहे.

शरीर या फरकांना कसे प्रतिसाद देते, यावरचे काम अलीकडचे आहे. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात हड्झा आणि दातोगा हे दोन समाज शेजारी राहतात. हड्झा शिकार आणि कंदमुळांवर जगतात आणि त्यांचे बाप तान्ह्या मुलांत बराच वेळ घालवतात, तर पशुपालक दातोगांत लहान मूल हे बायकांचे काम समजले जाते. मार्टिन मुलर, फ्रँक मार्लो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की हड्झा बापांत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी मूल नसलेल्या पुरुषांपेक्षा कमी असते. दातोगांत असा फरक आढळला नाही. यावर हरकत घेता येते की मुळातच कमी टेस्टोस्टेरॉन असलेले पुरुष कदाचित मुलांत अधिक रमत असतील. ती हरकत बऱ्याच अंशी दूर केली ती फिलिपाइन्समधल्या सेबू शहरातील ६२४ तरुणांच्या अभ्यासाने, जो ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी त्याच पुरुषांची पातळी साडेचार वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली. सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती त्यांचीच पुढे जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता अधिक होती, आणि बाप झाल्यावर त्यांचीच पातळी सर्वांत जास्त घसरली, एकट्या राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक. दुसऱ्या मोजणीच्या वेळी रोज तीन तास किंवा अधिक मूल सांभाळणाऱ्या बापांची पातळी मुलात अजिबात लक्ष न घालणाऱ्यांपेक्षा कमी होती. फक्त हे तासांचे आकडे एकदाच, शेवटी विचारलेले आहेत. त्यामुळे मूल कडेवर घेतल्याने पातळी उतरली की उतरलेल्या पातळीमुळे मूल कडेवर आले, एवढा शेवटचा भाग त्या अभ्यासातून सुटा करता येत नाही.